आईची ताल

आमच्या घरामागची माती दर पावसात जयम्माच्या परसात जायची. बेंगळुराजवळ येलहंक्याला तलावाच्या अंगानं उतरत गेलेली ती जमीन. वर आमचं घर, खाली तिचं, मध्ये काटेरी तारेचं कुंपण. त्या कुंपणाला माणसं अडायची. कोंबड्या आणि माती अडायची नाही. पाऊस उघडला की मागच्या दाराच्या पायरीखाली नवी पोकळी दिसायची आणि खाली जयम्माच्या कनकांबराच्या, म्हणजे अबोलीच्या, वाफ्यावर तांबडा गाळ बसलेला असायचा. आम्हाला हवी ती माती जायची आणि तिला नको असताना मिळायची, म्हणजे नुकसान दोन्ही घरांचं. आई पाऊस थांबायच्या आत बाहेर जाऊन उभी राहायची आणि वाहत्या पाण्याकडे असं बघायची, की जणू कुणी तिच्या डोळ्यांदेखत घरातलं सामान उचलून नेतंय.

बाबा एका सरकारी कारखान्यात इंजिनिअर होते. यंत्रांचे बारीक भाग तपासून ते पास किंवा नापास करायचे. केसाएवढा फरक त्यांच्या नजरेतून सुटत नसे, पण घरामागून टोपल्याच्या टोपल्या माती गेलेली आईनं हाताला धरून दाखवल्याशिवाय त्यांना दिसत नसे. ते कराडच्या बाजारपेठेत वाढलेले. जमीन म्हणजे चालायची जागा, एवढाच त्यांचा तिच्याशी संबंध. आई माणदेशातली. तिच्या माहेरी पाऊस कमी, जमीन उताराची आणि मातीचा थर पातळ. त्यामुळे माती सांभाळणं हे तिच्याकडे दूध सांभाळण्याइतकं नेहमीचं काम होतं. लग्नानंतर ती कारखान्याच्या कॉलनीत क्वार्टरमध्ये राहिली. शेजारीपाजारी मराठी, हळदीकुंकू, गणपतीतली नाटकं, सगळं होतं. पण तिसऱ्या मजल्यावर कुंडीत कोथिंबीर लावताना ती म्हणायची, "ही माती न्हवं, मातीचा फोटू हाय." तिनं इतकी वर्षं धोशा लावला, की बाबांनी शेवटी येलहंक्याला ही उताराची जागा घेतली आणि त्यावर तीन खोल्या बांधल्या. कॉलनी सोडताना बाबांचा चेहरा मुलीला सासरी पाठवणाऱ्या बापासारखा झाला होता, असं आई पुढं कितीतरी वर्षं सांगायची.

बाबांचं मन तिथून निघालंच नव्हतं. येलहंका तेव्हा गावच होतं. सकाळी डोक्यावरून हवाई दलाची विमानं जायची तेव्हा कपबश्या वाजायच्या, दुपारी जंक्शनवर इंजिनांच्या शिट्ट्या, आणि संध्याकाळी गल्लीत सगळं बोलणं कानडीतून. मी शाळेत आणि रस्त्यावर कानडी उचललं होतं. बाबांकडे 'स्वल्प' म्हणजे थोडं आणि 'सरी' म्हणजे ठीक, हे दोनच शब्द होते. त्या दोघांवर ते रिक्षापासून दवाखान्यापर्यंत सगळं निभावायचे. पत्ते खेळायला कुणी नाही, नाटकावर बोलायला कुणी नाही. त्यामुळे पायरीखालची पोकळी वाढत वाढत घराच्या पायापर्यंत पोचली, तेव्हा त्यांना भीती वाटलीच, पण थोडा दिलासाही मिळाला असावा. जेवताना ते म्हणाले, "या वर्षीचा पावसाळा बघू. पाया आणखी उघडा पडला तर हे घर विकायचं आणि परत क्वार्टर मागायचं. साहेबांशी बोललोय मी." आई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही, पण ती भाकरी एका बाजूला जाड झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं जाहीर केलं, "आपुन ताल घालायची."

बाबांनी विचारलं, "कसला ताल?"

"कसला न्हाई, कसली. ती ताल. गान्यातला तो ताल, रानातली ती ताल."

उताराच्या शेतात पाणी धावत सुटतं आणि सोबत माती नेतं. ती जाऊ नये म्हणून उताराला आडवा घातलेला दगडांचा बांध, त्याला तिकडे ताल म्हणतात. एकापेक्षा जास्त असल्या की ताली. पाणी तालीशी येऊन थबकतं, माती खाली बसते, पाणी पुढं जातं. दोनचार वर्षांत तालीच्या वरच्या अंगाला जमीन सपाट होते. हा शब्द कुठून आला याचा बाबांना लगेच छंद लागला, कारण दगड उचलण्यापेक्षा तो सोपा होता. ते म्हणाले, 'तल' म्हणजे सपाट भाग, त्यावरून आला असणार. आई म्हणाली, तिचे आजोबा सांगायचे की डोंगरावरून खाली बघितलं तर ताली ठरावीक अंतरानं येतात, टाळी वाजवल्यासारख्या, म्हणून ताल. मी पुढे आयुष्यात कितीदा तरी कोश उघडून बघितले. अर्थ सापडला, कुळाची खात्री पटेल असं काही सापडलं नाही. गेल्या महिन्यात पुण्याहून नातीनं फोनवर विचारलं, "आजी, मृदा संधारण म्हणजे गं काय?" मी म्हटलं, "ताल घालणं." ती म्हणाली, "म्हणजे म्युझिकमधला?" मी म्हटलं, "तो नव्हे, ती," आणि मला माझ्याच आवाजात आई ऐकू आली. बाकी मातीची 'धूप' हा शब्द नातीनं अगरबत्तीशी जोडून ठेवलाच होता, त्याचा मी नाद सोडला.

तर ताल. त्या उन्हाळ्यातले आमचे सगळे रविवार दगडांत गेले. जवळच्या खाणीतून पांढुरके, कडक दगड बैलगाडीनं आले. आईनं आधी चर खणला, त्यात मोठे दगड आतल्या बाजूला कलते बसवले, फटींत कपऱ्या, म्हणजे दगडाचे लहान तुकडे, ठोकल्या. बाबांकडे कपऱ्या निवडायचं काम होतं आणि ते प्रत्येक कपरी डोळ्यासमोर धरून तपासायचे. "अवं, बसती का बघा आन् ठोका, पास-नापास काय करताय!" आई ओरडायची. मी पाणी आणायचे, माती ओढायचे. दुपारी तिथंच बसून भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा. शाळूचं पीठ इकडे मिळायचं नाही. हुबळीकडच्या एका दुकानदाराकडून बाबा ज्वारी आणायचे आणि आम्ही ती गिरणीतून दळून घ्यायचो. बाबांच्या हाताला फोड आले तेव्हा त्यांनी ते कारखान्यात सगळ्यांना दाखवले. अशा दोन ताली झाल्या, एक घराला लागून आणि दुसरी कुंपणाजवळ. कुंपणाजवळच्या तालीच्या टोकाला आईनं मुद्दाम एक मोकळं तोंड ठेवलं, त्याला सांडवा म्हणायचं. जादा पाणी त्यातून निघून जायला हवं, नाहीतर ते तालीला ढकलतं.

पहिल्या पावसांत ताली उत्तम टिकल्या. माती जागच्या जागी राहिली. आई पायरीवर उभी राहून गाळलेल्या चहासारखं स्वच्छ पाणी सांडव्यातून जाताना बघत होती. फक्त ते जात होतं जयम्माच्या दारात.

जयम्माबद्दल सांगायला हवं. तिचा नवरा नंजप्पा जंक्शनवर कामाला होता, सावकाश बोलणारा, शांत माणूस. जयम्मा अगदी उलट. तिचा आवाज तिच्या आधी कुंपणापाशी पोचायचा. मला ती पुट्टी म्हणायची, म्हणजे छोटी, आणि आईला अक्का. आम्ही राहायला आलो त्या दिवशी तिनं कुंपणावरून नाचणीचा मुद्दा, म्हणजे शिजवलेल्या पिठाचा गोळा, आणि अवरेकाळूचं सारू दिलं होतं. अवरेकाळू म्हणजे पावट्यासारखे दाणे, थंडीत इकडे घरोघर तेच शिजत असतं. आईनं मुद्दा चावून खायचा प्रयत्न केला आणि जयम्मा हसून हसून तारेवर वाकली. तो गिळायचा असतो. तेव्हापासून वाटीला वाटी चालू होती. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. मी मध्ये उभी राहून इकडचं तिकडे सांगायचे. जयम्माला आमच्यातले तीनचार शब्द कळायला लागले होते: पाणी, ये, जा, गेली. तेवढ्यावर तिला वाटायचं की तिला मराठी येतं.

पाणी तिच्या अंगणात साचायला लागलं तेव्हा ती कुंपणाशी आली. आधी चांगलंच बोलली. मग आई म्हणाली की सांडवा बुजवला तर ताल जाईल. हे मी कानडीत सांगितलं. जयम्मा म्हणाली, मग माझा कनकांबर गेला तरी चालेल का? हे मी मराठीत सांगितलं. असं चढत चढत ते "तुमचं पाणी तुमच्यापाशीच ठेवा" इथवर आलं. आई लाल झाली. तिनं त्याच संध्याकाळी सांडव्यात दगड भरले, वर माती चोपली आणि मला म्हणाली, "सांग तिला, थेंब द्यायची न्हाई आता." बाबांनी हळूच विचारलं, "पण तूच म्हणालीस ना, पाणी ढकलतं म्हणून?" आई म्हणाली, "ढकलू दे." हे तिला कळत होतं, तरी तिनं केलं. वाट्या बंद झाल्या. नवरात्र आलं. जयम्माकडे दरवर्षी पायऱ्या मांडून त्यावर गोंबे, म्हणजे बाहुल्या, बसवतात आणि गल्लीतल्या सगळ्या बायकामुली बघायला जातात, सुंडल, म्हणजे कडधान्याची कोरडी उसळ, खातात. त्या वर्षी आम्हाला बोलावणं नव्हतं. मी आमच्या मागच्या दारातून तिच्या खिडकीतले दिवे बघायचे आणि मला फार वाईट वाटायचं.

त्याच नवरात्रात एके दिवशी बाबा कारखान्याच्या कामानं पहाटेच्या गाडीनं म्हैसूरला गेले होते. दुपारनंतर आभाळ काळं झालं. आईनं मला गिरणीत पाठवलं होतं. मी तिथं पोचले आणि पाऊस कोसळला. बेंगळुरात ऑक्टोबरचा पाऊस असाच येतो, संध्याकाळी, ढगांच्या गडगडाटासह, एकदम सगळा. मी गिरणीत अडकून बसले, मांडीवर गरम पिठाचा डबा. त्या वेळात घरी काय झालं ते मी पुढे आईच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलंय, की मी तिथंच होते असं मला वाटतं. कारखान्यातला एक माणूस छत्री घेऊन आमच्या फाटकाशी आला. बाबांची गाडी रेल्वेरुळावर पाणी आल्यामुळे उशिरा येतेय, एवढा निरोप देऊन गेला. जयम्मानं आपल्या ओसरीतून त्याला बघितलं. आमच्याकडे अशा पावसात अनोळखी माणूस येतो आणि दोन शब्द बोलून मान खाली घालून जातो, एवढं तिला दिसलं. मान तो पावसामुळे खाली घालून गेला होता. आणि नेमकी तेव्हाच मागं वरची ताल फुटली. तिचं सगळं पाणी खालच्या तालीवर आलं, सांडवा बंद, खालचीही गेली. आई पावसात धावली, चिखलात गुडघ्यावर बसली आणि जीव खाऊन ओरडली, "ताली गेल्या! अगं बाई, ताली गेल्या!"

कानडीत 'ताळि' म्हणजे मंगळसूत्र. आणि 'गेली' हा शब्द जयम्माला येत होता.

ती आली. तारेत लुगडं फाटलं ते तिनं बघितलंही नाही, हे तिच्या जावेनं नंतर सांगितलं. घरात गोंबे मांडलेले, दिवा तेवत असलेला, अशा दिवसांत मयताच्या घरी पाऊल टाकू नये असं तिच्या सासरी कडक होतं. शिवाय आम्ही तिच्याशी बोलत नव्हतो. ती चिखलातून आली, आईच्या शेजारी बसली आणि तिला मिठीत घेऊन तिनं असा हंबरडा फोडला, की गल्लीची दारं उघडली. आता आईची बाजू ऐका. आई म्हणायची, "मला वाटलं, बाई असावी तर अशी! बोलत न्हवती, भांडून बसली हुती, आन् माझ्या तालीसाठी ऊर बडवती! मग मलाबी आवरंना." म्हणजे जयम्मा रडते म्हणून आई रडली, आई रडते म्हणून जयम्माची खात्री पटली, आणि दोघींना बघून बाकीच्यांची.

पाऊस थोडा उतरला तशी मी गिरणीतून निघाले. डब्यावर पोतं घातलं होतं. गल्लीच्या तोंडाशी फुलांच्या दुकानात दोन बायका उभ्या होत्या. त्या मला बघून बोलायच्या थांबल्या. एकीनं माझ्या डोक्यावर हात ठेवला, "पाप, पुट्टी" म्हणाली, म्हणजे बिचारी. आणि दुसरी तिला हलक्या आवाजात म्हणाली, "ताळि होय्तंते." मंगळसूत्र गेलं म्हणे. मला कानडी येत होतं. फार चांगलं येत होतं. आजही त्या जागेवरून, आता तिथं मोबाइलचं दुकान आहे, जाताना मी झपाझप पाय उचलते. मी पळाले. बाबा सकाळी मला झोपेतून न उठवता गेले होते, एवढंच डोक्यात होतं.

दारात चपलांचा ढीग. ओसरीवर नंजप्पा रेल्वेची टोपी हातात धरून उभा. कुणीतरी आमचा स्टोव्ह विझवून त्यावरची आमटी खाली उतरवून ठेवली होती, कारण अशा घरात चूल पेटत नाही. आत आई डोक्यापासून पायापर्यंत चिखलानं माखलेली, जयम्माच्या खांद्यावर. मला बघून ती म्हणाली, "शैला, गेलं गं सगळं. आता हितं कसलं ऱ्हायाचं." मग मीही सुरू झाले. त्या घरात दोन्ही भाषा येणारी मी एकटी होते आणि मी एक अक्षरही कुणाला विचारलं नाही. पिठाचा डबा पोटाशी धरून मी नुसती रडत होते. गल्लीतली एक म्हातारी आजी माझी पाठ चोळत होती आणि मला तिच्या हाताला येणारा खोबरेल तेलाचा वास अजून आठवतो.

आणि फाटक वाजलं. बाबा. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात ओले बूट, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. त्यांनी चपला बघितल्या, माणसं बघितली, नंजप्पाची टोपी बघितली, आणि आपल्या घरात कुणाचं तरी बरंवाईट झालंय हे ओळखून पांढरेफटक पडले. गल्लीत कानावर पडून राहिलेलं कानडी गोळा करून त्यांनी विचारलं, "यारु? यारु होदरु?" कोण? कोण गेलं?

नंजप्पानं टोपी आधी घातली, मग काढली. जयम्मा ताडकन उठली, बाबांकडे बघितलं, आईकडे बघितलं, आणि आईच्या गळ्यात हात घालून तिनं चिखलानं भरलेले काळे मणी ओढून बाहेर काढले. "इल्ले इदे! ताळि इल्ले इदे!" इथंच आहे की! आई क्षणभर तिच्याकडे बघत राहिली. मग आपल्या मण्यांकडे. मग तिच्या ध्यानात आलं असावं, कारण तिनं मागच्या दाराकडे हात केला आणि ओरडली, "ही न्हाई गं बाई! ती! ती!"

मग मला तोंड फुटलं. मी बाबांच्या ओल्या पँटला मिठी मारून हुंदके देत देत सगळ्यांना कानडीत सांगितलं, की ताल म्हणजे दगडांचा बांध, आणि तो फुटलाय, आणि माझे बाबा हे इथे आहेत. बाबांनी माझ्या हातातला डबा सोडवून घेतला तेव्हा मला कळलं की तो अजून माझ्याकडेच आहे. "बदू?" जयम्मा म्हणाली. कानडीत बांधाला बदू म्हणतात. "कल्लिन बदू?" दगडांचा बांध? त्यासाठी मी गोंबे सोडून आले? तिनं आईच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला. आणि मग ती हसायला लागली, आणि आई हसायला लागली, आणि म्हातारी आजी बाबांकडे वळून म्हणाली की ज्याच्या मरणाची खोटी बातमी उठते त्याचं आयुष्य वाढतं. कुणीतरी स्टोव्ह पेटवला. त्या दिवशी आमच्याकडे सगळ्या गल्लीची कॉफी झाली, आणि रात्री चिखलाच्या पायांनी नको म्हणून आम्ही आंघोळी करून जयम्माकडे गोंबे बघायला गेलो.

जेवण झाल्यावर बाबा मागच्या दाराशी कंदील घेऊन उभे राहिले. पायाचे दगड उघडे पडले होते, बोलण्याप्रमाणे घर विकायची वेळ आली होती. आई त्यांच्या मागं उभी होती. सांडवा तिनं स्वतः बुजवला होता आणि हे त्यांना ठाऊक होतं. बाबा म्हणाले, "कॉलनीत मी गेलो असतो तर दुसऱ्या दिवशी नोटीस बोर्डावर कागद लागला असता. बायका हळदीकुंकवाची तारीख बदलून मोकळ्या झाल्या असत्या." कंदील खाली ठेवून म्हणाले, "इथं मला सरी आणि स्वल्प याच्यापुढं बोलता येत नाही, आणि ही माणसं माझ्यासाठी एवढी रडली. रविवारी ताल परत घालू." आईनं पदर तोंडाला लावला. मला तेव्हा वाटलं ती पुन्हा रडते आहे, पण ती हसत असावी, कारण लगेच म्हणाली, "पन कपऱ्या तुमी तपासायच्या न्हाईत."

त्या रविवारी दोन्ही घरं कामाला लागली. सांडवा कुठं काढायचा यावर जयम्मा आणि आई पुन्हा भांडल्या, पण आता दोघी तारेच्या एकाच बाजूला होत्या. शेवटी तो नंजप्पाच्या नारळाच्या आळ्यात सोडायचं ठरलं आणि तिथून पुढं चरानं रस्त्याला. नंजप्पा दगड रचता रचता काहीतरी विचार करत होता. दुपारी भाकरी मुद्द्यासारखी गिळता येत नाही हे जयम्माला समजावून झाल्यावर तो आपल्या सावकाश पद्धतीनं मला म्हणाला, "पुट्टी, तुझ्या वडिलांना सांग, त्यांच्या शब्दाचा अर्थ मला कळला." कानडीत ताळि म्हणजे मंगळसूत्र, ते झालंच. पण 'ताळि' म्हणजे 'जरा थांबा' असंही होतं. दुकानात, दवाखान्यात, सगळीकडे लोक म्हणतात, स्वल्प ताळि, थोडं थांबा. "दगड पाण्याला तेच सांगतात. ये, पण स्वल्प ताळि. माती ठेव आणि जा." बाबांना हे इतकं आवडलं की त्यांनी आपला 'तल' त्याच क्षणी टाकून दिला आणि मरेपर्यंत सगळ्यांना हेच मूळ सांगितलं. भाषा जाणणारे याला हसतील याची मला खात्री आहे. मीही कुणी विचारलं तर आधी नंजप्पाचंच सांगते. त्याच दिवशी 'ताळि' हा बाबांच्या रोजच्या वापरातला तिसरा कानडी शब्द झाला.

आम्ही ते घर विकलं नाही. ती ताल मग फुटली नाही. वरच्या अंगाला माती बसत गेली, आईनं तिथं कढीलिंब लावला, मेथी लावली, हौसेनं ओंजळभर शाळूही. मोठा पाऊस होऊन गेला की खालून जयम्माची हाक यायची, "अक्का, ताळि सरी इदेया?" मंगळसूत्र ठीक आहे ना? आणि आई एक हात गळ्याला लावून, दुसरा तालीकडे करून ओरडायची, "एरडू सरी इदे!" दोन्ही ठीक. गल्लीत नवीन आलेल्या लोकांना यातलं काही कळायचं नाही. मी लग्न होऊन बसवनगुडीला गेले, नंजप्पा गेला, तारेचं कुंपण जाऊन भिंत झाली, तिच्यात दोघींनी हट्टानं एक छोटं दार ठेवून घेतलं, आजूबाजूला मजले चढले, आणि तरी दर पावसानंतर हा सवालजवाब चालूच होता.

म्हातारीचं म्हणणं खरं झालं. बाबांना भरपूर आयुष्य मिळालं. ते गेले ते जानेवारीतल्या एका दुपारी, जेवून खुर्चीत डोळे मिटून बसले असताना. मी तेव्हा चार दिवस राहायला आले होते. आईनं त्यांच्या कपाळावर हात ठेवला, मग छातीवर. मी फोन शोधत होते. ती मागच्या दारानं बाहेर पडली, म्हणून मी तिच्यामागून गेले. खाली जयम्मा उन्हात सूप घेऊन अवरेकाळू सोलत बसली होती. तोवर आई कानडी इथल्या माणसांसारखं बोलायला लागली होती, भांडायचीसुद्धा कानडीत. पण त्या वेळी ती भिंतीतल्या दाराशी थांबली आणि म्हणाली, "जयम्मा, ताल गेली."

जयम्मानं आधी वर बघितलं. आभाळ निळं, ढगाचा ठिपका नव्हता. मग तिनं तालीकडे बघितलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. सगळे दगड जागेवर होते. तिनं सूप बाजूला ठेवलं आणि भिंतीचा आधार घेत उठली.